प्रिंटर मॅन्युअल

भोंगी सात महिन्यांची आहे. तिचे कान पुसताना मला रोज तेच दिसतं. डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक बारीक दुमड आहे, वाचता वाचता पानाचा कोपरा मुडपून ठेवावा तशी. "हुबेहूब ठिपकीचा कान," असं मी गेले सात महिने म्हणत आले आहे.

ठिपकी आमची थोरली. पहिल्या तपासणीत पडद्यावर नुसता एक ठिपका दिसला होता, तेव्हापासूनचं तिचं हे नाव. एकोणीस दिवसांची असताना ती गेली. दुसरं नाव ठेवायचं राहूनच गेलं.

त्या मंगळवारी सकाळी सासूबाई माझ्या शेजारी बसून भोंगीच्या झबल्यांच्या घड्या घालत होत्या. मी कान पुसता पुसता पुन्हा तेच म्हणाले. त्यांचे हात थांबले.

"मला नाही गं आठवत तसं."

"काय आई! तुम्हीच तर तिला अंघोळ घालत होतात."

"म्हणून तर म्हणते. या हातांनी तिचे कान धुतलेत. हिच्या कानाला दुमड आहे, ती दिसतेच आहे. तिच्या कानाला होती असं मला नाही आठवत."

त्यांनी झबलं झटकून पुन्हा घडी घालायला घेतली, जणू काही बोलल्याच नाहीत. मी मनाशी म्हटलं, वय झालंय त्यांचं. चष्मा डोळ्यांवर असताना घरभर चष्मा शोधतात. पण मग मी डोळे मिटून ठिपकीचा चेहरा समोर आणायला गेले, तर भोंगीच आली. नाक भोंगीचं, हनुवटी भोंगीची, खालचा ओठ आत ओढायची लकबसुद्धा भोंगीचीच. फक्त आवाज बंद. गप्प बसलेली भोंगी म्हणजे ठिपकी, इतकंच माझ्याजवळ उरलं होतं का?

फोटो होते. मी तीन वर्षं बघितले नव्हते, पण होते. ठिपकी गेल्यावर महिनाभराने मी औषधाच्या दुकानात रांगेत उभी असताना फोनने आपण होऊन गाणं लावून तिचे फोटो एकामागून एक दाखवायला सुरुवात केली होती. मागची बाई वाकून म्हणाली, "किती गोड!" मी रांग सोडून घरी आले आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. म्हटलं, "हे माझ्या समोरून काढ. कुठे ठेवशील ते मला सांगू नकोस." त्याने काढले. फोनमध्ये एकसुद्धा राहू दिला नाही, कारण मी तसंच सांगितलं होतं. मग तो फोनही गेला, नवा आला. फोटो घरच्या कॉम्प्युटरमध्ये कुठेतरी आहेत एवढंच मला ठाऊक होतं, आणि तेवढं पुरत होतं.

दुपारी भोंगी झोपली. झोपली की मला हाताशी दीड तास मिळतो, कधी कधी वीस मिनिटं. मी दार ओढून घेतलं आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

टिक्. टिक्. टिक्. मग घशात काही अडकल्यासारखी घरघर, आणि पुन्हा टिक्. पडदा काळाच. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ, की सुरू व्हायला काही सापडत नाही.

मी बंद केला, चालू केला. वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या. बाजूचं झाकण उघडलं, तर आत गोधडीला पुरेल एवढी धूळ. भोंगीचे केस विंचरायचा मऊ ब्रश घेऊन ती झाडली.

सासूबाई दारातून डोकावल्या. "मला गुडघे दुखत असले तरी एका हाकेत उठते मी. तुमचा हा डबा चार हाका मारल्या तरी उठत नाही."

"आई, हळू. ती उठेल."

"ती उठेल गं. हा उठतो का बघ."

सहाव्या का सातव्या वेळी उठला. अकरा मिनिटं लागली, पण ओळखीचं निळं चित्र आलं. मी नवऱ्याला फोन लावला. तो लिफ्टची देखभाल करतो. त्याला फोन केला की तो एक तर अगदी वर असतो नाही तर अगदी खाली, आणि रेंज दोन्हीकडे नसते. तिसऱ्यांदा लागला.

"अरे, कॉम्प्युटर टिकटिक करतोय."

"घड्याळ असेल भिंतीवरचं."

"चेष्टा नको. ठिपकीचे फोटो कुठे आहेत?"

पलीकडे फक्त लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

"का?"

"बघायचेत."

"आत्ता?"

"आत्ताच."

"डी ड्राइव्हमध्ये," तो सावकाश म्हणाला. "प्रिंटर मॅन्युअल नावाचं फोल्डर आहे."

"आपल्याकडे प्रिंटर कुठे आहे?"

"म्हणूनच. कोण उघडणार?" मग घसा खाकरून म्हणाला, "एक्केचाळीस आहेत. चाळीस फोटो आणि आईने काढलेला तो व्हिडिओ. आणि घाबरू नकोस, पेनड्राइव्हवर कॉपी आहे. लाल. कपाटात, माझ्या चाचणीच्या वह्यांखाली."

एक्केचाळीस. तीन वर्षं त्याने तो आकडा जवळ ठेवला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मी फोल्डर शोधलं. सापडलं. दोनदा टिचकी मारली, आणि पडदा गोठला. बाण हलेना. आतून टिकटिक वाढली. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण पेनड्राइव्ह आहे म्हटल्यावर मला धीर आला होता, आणि धीर आला की माणूस आगाऊपणा करतो. फोनवर शोधलं तर कुणीतरी लिहिलं होतं, डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करायची एक सोय आतच असते, ती लावा आणि वाट बघा. लावली. पहिल्या तासात आठ टक्के, दुसऱ्यात बारा. मग एक लांब घरघर झाली आणि पडदा काळा झाला. त्यानंतर तो कितीही हाका मारल्या तरी उठला नाही.

पाच वाजता नवरा आला. हातपाय न धुताच कपाट उघडलं. त्याच्या चाचणीच्या वह्या मी ओळखते. प्रत्येक लिफ्टचं एक पान असतं, दोर, ब्रेक, दरवाजा, आणि प्रत्येकापुढे सही. दोर स्वतःच्या हाताने ओढून बघितल्याशिवाय तो सही करत नाही. त्याचे सोबती त्याला संशयात्मा म्हणतात. बाहेरच्या दाराची कडी आतून लावून, अंथरुणावर पडून, तो पुन्हा उठून ती हलवून बघणारा माणूस आहे.

त्याने पेनड्राइव्ह कामाच्या लॅपटॉपला लावला. मी भोंगीला मांडीवर घेऊन बाजूला बसले. पडद्यावर एकच फोल्डर होतं, पिवळं, खाली नाव प्रिंटर मॅन्युअल. डाव्या कोपऱ्यात एक छोटासा वाकडा बाण.

त्याने उघडलं. एक चौकट आली. हे ज्याकडे नेतं ती जागा सापडत नाही, अशा अर्थाचं काहीतरी. त्याने चौकट बंद केली, पुन्हा उघडलं. पुन्हा तीच चौकट.

"काय झालं?"

त्याने आकार बघितला. दोन केबी. चाळीस फोटो आणि एक व्हिडिओ, दोन केबी.

"अरे, काय झालं सांग ना."

"हे फोल्डर नाही," तो म्हणाला. "हा नुसता पत्ता आहे. खरं फोल्डर मी आत खोल ठेवलं होतं. कधी धीर झाला तर पटकन सापडावं म्हणून माझ्या कामाच्या फायलींमध्ये एक बाणवालं ठेवलं. कॉपी करताना..." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. ग्रीसचा एक पट्टा गालावर उमटला. "कॉपी करताना मी ते उचललं."

"आणि उघडून नाही बघितलंस?"

"नाही."

"तू? दोर ओढल्याशिवाय सही न करणारा तू?"

मला बोलायचं नव्हतं असं, पण शब्द तोंडातून निघून गेले होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना बाण वगैरे काही कळलं नसेल, पण मुलाचा चेहरा कळतो.

"तुला उघडता आलं असतं?" त्याने विचारलं. मोठ्याने नाही. खरंच विचारल्यासारखं.

मी भोंगीचे मोजे काढले आणि पुन्हा घातले.

बुधवारी सकाळी मी कॉम्प्युटरचा डबा भोंगीच्या बाबागाडीत ठेवला आणि भोंगीला झोळीत पोटाशी बांधलं. रस्त्याच्या टोकाला, एका इमारतीच्या जिन्याखाली, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी दुरुस्तीचं दुकान आहे. ते एक बाई चालवतात. सगळे त्यांना ताईच म्हणतात. पन्नाशी उलटलेली, कपाळावर भिंगाचा पट्टा, बोटांना चटक्यांचे बारीक डाग. भिंतीवर त्यांनी हाताने लिहिलेली पाटी आहे: काय झालं ते सांगू नका, काय केलंत ते सांगा.

"काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"बंद करून चालू केला."

"किती वेळा?"

"तीन-चार... सात."

"हं. पुढे?"

"धूळ झाडली."

"हे एक बरं केलंत. पुढे?"

"मग ते आतलं, चुका दुरुस्त करायचं लावलं. दोन तास."

त्यांनी भिंग कपाळावरून आणखी वर सारलं. "अहो बाई, ज्याला धड उभं राहता येत नव्हतं त्याला तुम्ही मैदानाला फेऱ्या मारायला लावल्यात."

भोंगीने झोळीतून हात काढून टेबलावरचा पेचकस पकडायचा प्रयत्न केला. ताईंनी तो न बघताच दूर सरकवला आणि तिच्या हातात एक रिकामी प्लॅस्टिकची डबी दिली. स्क्रू काढले. आतून हातावर मावेल अशी चपटी, जड डिस्क काढली, रबराच्या चटईवर ठेवली, दोन वायरी जोडल्या आणि त्यावर पंजा टेकवून मान कलती करून ऐकत राहिल्या.

टिक्. टिक्. घर्रर.

"अजून आहे," त्या म्हणाल्या. "पण फार नाही. ही एकदा वाचून देईल, फार तर दीडदा. मी अलगद उतरवून घेईन, सोपं आधी, अवघड मागून. सगळं वाचव म्हणालात तर अर्ध्यातच बसेल ती. काय हवंय नेमकं?"

"डी ड्राइव्हमधलं एक फोल्डर."

"नाव?"

"प्रिंटर मॅन्युअल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डिस्ककडे, मग पुन्हा माझ्याकडे. "त्याच्यासाठी जीव काढताय हिचा? मॅन्युअल कुठेही मिळतं हो. प्रिंटर कुठला ते सांगा, दोन मिनिटांत मीच काढून देते."

किल्लीवाल्याचं यंत्र पलीकडे किर्र वाजत होतं. ते थांबेपर्यंत मी थांबले. शेवटी मी पेचकसाकडे बघत म्हणाले, "त्यात माझ्या थोरलीचे फोटो आहेत. एकोणीस दिवसांची होती."

ताईंनी अरेरे केलं नाही. पेन्सिल घेतली, एका चिकटपट्टीवर प्रिंटर मॅन्युअल असं स्वच्छ लिहिलं आणि डिस्कवर लावली.

"किती आहेत?"

"एक्केचाळीस."

"दुसरीकडे कॉपी?"

"आहे असं वाटलं होतं."

"बाण?"

"हो."

"महिन्यात दोघं-तिघं तरी बाण घेऊन येतात," त्या म्हणाल्या. "चुकून. पण उघडून कुणीच बघितलेलं नसतं. कारण प्रत्येकाचं निराळं." त्यांनी माझं कारण विचारलं नाही.

थोड्या वेळाने त्यांच्या पडद्यावर नावांची एक लांब यादी उमटली. क्रमांक, तारीख, वेळ. मी झोळी सावरत पुढे वाकले. तीन वर्षांपूर्वीच्या तारखा. दिवस चौथा, सकाळी नऊ वीस. आम्ही तिला घरी आणलं तो दिवस.

"एक उघडा ना," मी म्हटलं. "कुठलाही एकच."

"नाही."

"फक्त कान बघायचाय हो."

"आत्ता उघडलं की ती तिथेच अडकून बसेल. आधी उतरवून घेऊ, मग पोटभर बघा." मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि तुम्ही ते दुरुस्तीचं लावलंत ना, ते आत काहीबाही लिहितसुद्धा जातं. नवीन लिहिलं की ते जुन्याच्या जागेवर बसू शकतं. बसलं असेल तर तेवढं गेलं. आधीच सांगून ठेवते."

मी भोंगीच्या डोक्यावरचा हात काढला नाही. ती डबी चावत होती.

दोन दिवस गेले. घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही, म्हणून बाकीचंही बोलणं थांबलं. गुरुवारी नवरा तासभर उशिरा आला. म्हणाला, एका इमारतीत काम संपवून, सही करून खाली उतरला, मग वाटलं बघावं, म्हणून परत वर गेला. तीनदा. चौकीदार हसला म्हणे. सासूबाईंनी त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवून उभ्या राहिल्या. लहान मुलाच्या ठेवतात तसा.

"आई, तो व्हिडिओ तू काढला होतास ना?" त्याने खाली बघत विचारलं. "काय होतं त्यात?"

"काय असणार? अर्धा माझा अंगठा," त्या म्हणाल्या. "तू ओरडला होतास माझ्यावर."

शुक्रवारी ताईंचा फोन आला. "या. आणि एकट्या येऊ नका, मिस्टरांना घेऊन या."

"किती आले?"

"या तर."

तो अर्धा दिवस सुट्टी टाकून आला. दुकानात ताईंनी दोन स्टुलं पडद्यासमोर ओढली होती. टेबलावर दोन नव्या, छोट्या डिस्क होत्या, दोन्हींवर चिकटपट्टी, दोन्हींवर प्रिंटर मॅन्युअल.

"सव्वीस पूर्ण आलेत," त्या म्हणाल्या. "पाच अर्धे. अर्धे म्हणजे वरून थोडं दिसतं, खाली राखाडी. नऊ आणि तो व्हिडिओ आले नाहीत. त्यांची नावं आलीत, तारीख-वेळ आलीय, आत काही नाही. मी दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी बघितलं. आता डिस्क बोलत नाही."

आम्ही दोघं उभेच होतो.

"बसा. माझी एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाने प्रत्येक फाईल माझ्यासमोर उघडल्याशिवाय मी काम झालं असं म्हणत नाही. रडा, भांडा, पण उघडा. एकही न उघडता नेऊ देणार नाही." मग त्यांनी हात पुढे केले. "ये गं इकडे. चल, किल्ल्या बघू." आणि भोंगीला घेऊन त्या बाहेर गेल्या. समोर नाही थांबल्या.

नवऱ्याने माऊसवर हात ठेवला. हात तिथेच राहिला. बोटांच्या पेरांत काळं ग्रीस होतं.

"मी दाबू?" मी विचारलं.

"नको." आणि मग त्याने दाबलं.

पहिल्यात ती झोपलेली होती, मुठी कानांजवळ. दुसऱ्यात तीच, जरा जवळून. तिसऱ्यात माझा हात. मला वाटलं होतं माझ्या छातीत काहीतरी फुटेल. तसं झालं नाही. मला आधी नुसतं आश्चर्य वाटलं. ही कोण? केस किती काळेभोर, कपाळावर किती खाली आलेले. नाक बारीक. हनुवटीला मध्ये एक खळी. हे मला काहीच आठवत नव्हतं. आई असून काहीच. भोंगीसारखी ती कुठेच नव्हती.

बारावा फोटो अर्धा होता. वरून पांढरी चादर, मग केस, मग कपाळ, बंद डोळे, आणि डावा कान. त्याखाली सपाट राखाडी. कान पूर्ण आला होता. मी पडद्याला नाक लावलं. त्याने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, कानाची कड चौकोन चौकोन होऊन फुटेपर्यंत.

दुमड नव्हती. कड गोल होती, सलग, शिंपल्यासारखी.

"आईंना बरोबर आठवत होतं," मी म्हणाले.

सात महिने मी रोज त्या कानाला ठिपकीचा कान म्हणत होते. रोज एकदा, कधी दोनदा. भोंगीचा कान पुसता पुसता मी ठिपकीचा पुसून टाकला होता, आणि माझ्या प्रेमाने टाकला होता. बाहेरून भोंगीचा आवाज आला, किल्ल्यांच्या जुडग्याला हसत होती. त्याने माझा हात धरला, तेव्हा मी रडले. तोही. पण त्याने माऊस सोडला नाही. डोळे पुसत पुसत त्याने एकतीसच्या एकतीस उघडले, प्रत्येक एकदा, आणि प्रत्येकापुढे ताईंच्या कागदावर खूण केली. त्याच्या वहीत करतो तशी. शेवटी सही केली.

घरी येऊन आम्ही फोल्डरचं नाव बदललं. एक डिस्क सासूबाईंच्या कपाटात गेली, दुसरी तो त्याच्या बहिणीकडे ठेवून आला. तिथेही तिच्यासमोर बसून पुन्हा सगळे उघडले म्हणे. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उघडायचं, असं त्याने ठरवलंय.

राहिली ती दहा नावं. ताईंनी त्यांचा कागद दिला होता. क्रमांक, दिवस, वेळ, पुढे जागा रिकामी. शनिवारी दुपारी भोंगी झोपल्यावर आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. तो म्हणाला, "आठवतंय तोवर लिहून ठेवू. तू लिही, तुझं अक्षर बरं आहे."

एक्केचाळीस सासूबाईंनीच सांगितला. डोळे मिटून, सावकाश. "उचकी लागली होती तिला. मी म्हणत होते, थांबेल हं, आपोआप थांबेल. तू मागून ओरडलास, आई, अंगठा काढ. मग मी अंगठा काढला आणि तेवढ्यात बंदच झालं." मी जसंच्या तसं लिहिलं. उचकी किती वेळा, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या पाच. मी पाच लिहिलं.

आठवा टोपड्यातला होता, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं. "पिवळं टोपडं," तो म्हणाला.

"पांढरं होतं."

"अगं पिवळं. मी स्वतः बांधलं होतं, गाठ सुटत नव्हती म्हणून तू रागावलीस."

"गाठीचं खरं आहे. टोपडं पांढरं."

आम्ही सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "मला नका विचारू. एकदा बोलले तर केवढं झालं." हे बोलून त्या जराशा हसल्या. आम्हीही. मी दोन्ही लिहिलं, पिवळं आणि पांढरं, मध्ये एक रेघ. कुणाचं बरोबर हे आता कधीच कळणार नाही.

सतरावा, एकोणिसावा, विसावा आठवले. चोविसावा त्याला आठवला, मला नाही, पण तो सांगत असताना मला आठवतोय असं वाटायला लागलं, म्हणून मी घाईने त्या ओळीपुढे फक्त नवऱ्याचं नाव लिहिलं, माझं नाही. अठ्ठावीस, एकोणतीस. अडतीस दवाखान्यातला होता. तो मी एकटीने लिहिला आणि वाचून दाखवला नाही.

मग तेहतीस. दिवस अकरावा, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

"चार वाजता ऊन कुठे असतं?" त्याने विचारलं. तो उठून खिडकीशी गेला. "इथे असतं. म्हणजे इकडच्या खोलीत असेल."

"अकराव्या दिवशी कुणी आलं होतं का?"

"तुझी मावशी?"

"ती नंतर."

"मग मी कामावर होतो. फोटो तूच काढला असणार."

मीच काढला असणार. मी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी हातातलं काम टाकून फोन उचलला, म्हणजे तिने काहीतरी केलं असणार. जांभई दिली असेल. डोळे उघडून बघितलं असेल. मी पेन टेकवून बसले. आतल्या खोलीत भोंगीने कूस बदलली, चुळबुळ केली, आणि एकदम मला दिसलं, ती पालथी पडून मान वर उचलते आहे आणि हसते आहे. मी पेन उचललं. ती भोंगी होती.

"आठवलं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

भोंगीने भोंगा लावला. मी उठले. तेहतीस नंबरच्या पुढची जागा तशीच आहे.